आक्कांचं कुवेत आणि शेवंताची धार

आमच्या आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. नाव धोंडाबाई, पण त्या नावानं त्यांना फक्त रेशनचा दुकानदार हाक मारायचा, आणि तोसुद्धा मान खाली घालून. एकलहऱ्यात कुणालाही दूधवाल्या आक्का कुठं राहतात विचारलं, तर तो थेट आमच्या गोठ्यापाशी आणून सोडायचा आणि वर सांगायचा, जरा लांबूनच बोला, म्हैस मारकी आहे. म्हैस मारकी होतीच. आक्का काही फार मागे होत्या असं नाही.

मी मालेगावची. आमच्या घरात माग होते. मागाचा खडखडाट बंद पडला की आम्हा पोरांना झोपेतून जाग यायची. जनावर म्हणाल तर गल्लीतली एक शेळी, तीही दुसऱ्याची. लग्न होऊन इथं आले आणि पहिल्याच दिवशी आक्कांनी माझ्या हातात शेणाची पाटी दिली. मी ती तिथंच ठेवली आणि सांगितलं, स्वयंपाक सांगा, धुणं सांगा, गोठा मला सांगू नका, मला म्हशीची भीती वाटते. आक्का माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हशीला भिणारी सून त्यांनी बापजन्मात पाहिली नव्हती. पण तेव्हापासून वाटण्या ठरून गेल्या. चूल माझी, गोठा त्यांचा.

वीज केंद्र झालं तेव्हा घरची थोडी जमीन त्यात गेली आणि दोघा भावांना तिथं काम लागलं. थोरले सहादू भाऊजी कोळशाकडं, आमचे हे, म्हणजे केरू, स्टोअरमध्ये. घरात दोन पगार आले. आता म्हशी विका, आराम करा, असं भाऊजी म्हणाले. आक्कांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. केंद्रामागं कॉलनी आली, कॉलनीत साहेबांची बिऱ्हाडं आली, आणि आक्कांचा रतीब जो वाढला तो वाढतच गेला. माप झालं की वर एक धार जास्तीची सोडायच्या आणि म्हणायच्या, ही मांजरीची. कॉलनीत एकाच्याही घरी मांजर नव्हती.

या धारेपायी त्या कुठं म्हणून गेल्या नाहीत. घोटीला सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. अक्षता डोक्यावर पडल्या न पडल्या, तोच बाई मांडवातून उठल्या आणि पंगत सोडून तांदळाच्या ट्रकमध्ये बसून संध्याकाळच्या धारेला घरी हजर. भाऊ वर्षभर रुसून बसला. आक्कांचं म्हणणं एकच, पाहुणे काय, जेवून जातात. शेवंता माझ्याशिवाय पान्हवत नाही.

शेवंता म्हणजे ती मारकी म्हैस. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, फुलाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. वेत झाल्यावर तिचं पारडू आठवडाभरात गेलं. पारडू नसलेली म्हैस दूध द्यायला फार कुरकुर करते, सगळा पान्हा चोरून धरते. पण आक्का जाऊन बसल्या की ही मुकाट उभी. दुसरं कुणी जवळ गेलं की लाथ. दुसरी एक म्हैस होती ती गरीब, तिची धार कुणीही काढावी. पण रतीब चालायचा तो शेवंताच्या दुधावर आणि आक्कांचा तोरा चालायचा तोही तिच्याच दुधावर.

तर त्र्याऐंशी साली निवृत्तीची कॅसेट आली. निवृत्ती हा आक्कांचा एकुलता एक. आयटीआय करून आधी आपल्याच केंद्रात लागला, मग कुवेतच्या वीज केंद्रात गेला. पत्र लिहायचा त्याला जन्माचा कंटाळा. म्हणून त्यानं घरी टेपरेकॉर्डर पाठवला होता, आणि गावाकडं कुणी निघालं की त्याच्या हाती कॅसेट भरून द्यायचा. आम्ही सगळे ओट्यावर गोळा व्हायचो. निवृत्ती टेपमधून विचारायचा, आई, गुडघा कसा आहे, की आक्का लगेच टेपला उत्तर द्यायच्या. तो तिकडून ऐकत नाही हे त्यांना किती वेळा सांगितलं, पण नाही.

या खेपेला कॅसेटमध्ये कलाचा आवाज होता. कला ही निवृत्तीची बायको, आणि माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. सोयरीक मीच जमवलेली. पोरगी लहान असतानाच तिची आई गेली, ती माझ्याच मांडीवर बरीचशी वाढली. टेपमध्ये ती आधी सगळ्यांची चौकशी करत बसली, मग म्हणाली, "आई, मला तिसरा लागलाय. हे ड्यूटीवर गेले की दिवसभर घरात मी एकटीच. शेजारची भाषा कळत नाही. तुम्ही आणि दादा या, सहा महिने राहा. तुम्ही जवळ असलात तर मला भीती नाही वाटणार."

आक्कांनी डोळ्याला पदर लावला. मीही लावला. भाऊजींनी उगाच टोपी काढून झटकली. आणि आक्का टेपला काय म्हणाल्या असतील? "येते गं बाई. पण शेवंताचं कसं करू?"

भाऊजी त्याच वर्षी रिटायर झाले होते, त्यामुळं त्यांचं काही अडत नव्हतं. ते चप्पल घालून तयारच. पासपोर्टची धावपळ सुरू झाली. आक्कांची जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. त्या म्हणाल्या, गोदावरीला मोठा पूर आला त्या साली, भाताच्या लावणीच्या वेळी. मग गावात सगळ्यांचाच असतो तसा एक जून वाढदिवस ठरला. फोटो काढायला नाशिकरोडला गेलो. फोटोवाला म्हणाला, डोक्यावरचा पदर जरा मागं घ्या, कान दिसले पाहिजेत. आक्का म्हणाल्या, कान बघून काय कळतं रे तुझ्या सरकारला? शेवटी फोटो निघाला, आणि त्यात त्यांचा चेहरा असा आला की कुणीतरी दुधात पाणी आहे का म्हणून विचारलं असावं.

विसाही आला, तिकिटंही आली, गावाला कळलं, आणि सामान यायला लागलं. डिंकाचे लाडू, अळीव, शेपा, वेखंड, बाळाची गुटी, काळा मसाला, खुरासणीची चटणी. शेजारच्या भिमाबाईनं कुरडयांचा भला मोठा डबा आणून दिला, तिच्या भाच्याला द्यायला. भाचा दुबईला. आम्ही सांगितलं, बाई, दुबई वेगळी आणि कुवेत वेगळं. ती म्हणाली, असंल की शेजारीच, संध्याकाळी फिरत फिरत देऊन या. डबा ठेवूनच गेली.

सगळं झालं, पण शेवंताचं काही होईना. भाऊजींनी हळूच विकायचं नाव काढलं. त्यावर आक्का त्यांच्याशी बोलायच्या बंद झाल्या, आणि जेवायला वाढायचं काम माझ्यावर आलं. मग आमचे हे म्हणाले, त्यात काय, मी काढतो धार. शर्टाच्या बाह्या सारून मोठ्या ऐटीत बसले. शेवंतानं त्यांना उचलून जे फेकलं ते थेट आंबोणाच्या घमेल्यात. पेंड कानात गेली, ती काढायला कॉलनीतल्या डॉक्टरकडं जावं लागलं. त्या दिवशी आक्का फार दिवसांनी खळखळून हसल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, बघितलं ना? मी जाऊ शकत नाही.

माझं डोकं फिरलं. तिकडं माझी पोर दिवस मोजत बसली आहे आणि ही बाई म्हशीचं निमित्त करते. मी चुलीपुढून उठले आणि सांगितलं, मी काढते. आक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तू? शेळीला भिणारी?" मी म्हटलं, शेळीला नाही, म्हशीला. पण काढते.

बोलून तर गेले. सकाळी गोठ्यात पाऊल टाकलं. शेवंतानं नुसतं वळून पाहिलं तरी मी दाराबाहेर. झिपरू म्हणून एक म्हातारा गवळी विहितगावाहून पेंडीची पोती घेऊन यायचा. त्यानं हा तमाशा पाहिला आणि सल्ला दिला, थोरलीचं अंगावरचं लुगडं नेस. न धुतलेलं. जनावर वासावर जातं. आक्कांची रोजची लुगडी माझ्याच माहेरची, मालेगावची, हिरवी. मी गोल साडी नेसणारी बाई, मला काष्टा घालता येईना. आक्कांनी मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि स्वतः नेसवलं, ओढून ओढून असा काष्टा घातला की मला धड बसताही येईना, श्वासही घेता येईना. लुगड्याला शेण, दूध, तंबाखू असे सगळे वास होते. मी नाक मुरडलं. आक्का म्हणाल्या, तुला ओळख पटवायची नाय, म्हशीला पटवायचीय.

लुगड्याचा गुण आला. शेवंतानं हुंगलं, फुसफुसली आणि उभी राहिली. लाथ नाही. पण दूधही नाही. मी सड ओढते आहे, बोटं दुखून आली, तर बादलीत चार थेंब. पान्हा पार वर चढवून बसली.

मग आक्का माझ्या शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, तिच्याशी बोलावं लागतं. बोलल्याशिवाय ती सोडत नाय. मला वाटलं, काहीतरी गोंजारायचं असेल, राजा, सोन्या असं. आक्का बोलायला लागल्या आणि मी ऐकतच राहिले. त्या म्हशीला गाऱ्हाणी सांगत होत्या. रोज, सकाळ-संध्याकाळ, इतकी वर्षं. भाऊजी झोपेत घोरतात. निवृत्ती कॅसेट लहान पाठवतो. आणि आमची धाकटी, चंद्रभागा, भाकरी इतकी जाड करते की दात हलतात, चहात साखर ओतते, आणि एक शब्द बोलायची सोय नाही, लगेच नाकाच्या शेंड्यावर राग. म्हैस कान हलवत होती आणि बादलीत धार वाजत होती. मी तिथंच बसले होते हो, हाताच्या अंतरावर! मी म्हटलं, आक्का, हे तुम्ही मला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, तुला सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. हिला सांगितलं की दूध येतं.

झालं. आता मला तीच गाऱ्हाणी पाठ करायची पाळी आली. मी आक्कांचं लुगडं नेसून, आक्कांच्या आवाजात, स्वतःलाच नावं ठेवायला लागले. आमची धाकटी भाकरी जाड करते. आमची धाकटी चहात साखर ओतते. दारात उभे राहून आमचे हे पोट धरून हसायचे. शेवंता मात्र एका शब्दाला फसली नाही. अर्धी धार द्यायची, अर्धी चोरायची. आक्का मागून शिकवायच्या, अगं, सूर चुकला, धाकटी म्हणताना जरा जोर दे. मी जोर द्यायचे. दूध काही वाढायचं नाही. कॉलनीत रतीब कमी पडायला लागला आणि निघायचा दिवस तर जवळ येत चालला. आक्का वरवर काही बोलत नव्हत्या, पण त्यांची पिशवी अजून रिकामीच होती. भाऊजींची कधीच भरली होती.

निघायच्या दिवशी सकाळी मुंबईला न्यायला जीप दारात आली. मी मुद्दाम मालेगावहून मागवलेलं नवं कोरं लुगडं आक्का नेसल्या, आतली खळ अजून कडक, चालताना करकर वाजणारं. कलाच्या लाडूंची पिशवी भाऊजींच्या मांडीवर. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आणि आक्का म्हणाल्या, जाता जाता एक धार काढते.

नव्या लुगड्याचा करकराट ऐकून शेवंता बिचकली. आक्कांनी पाठीवर हात ठेवला तर अंग चोरून घेतलं. आक्का बसल्या, बोलायला लागल्या, भाऊजींचं घोरणं सांगितलं, माझी भाकरी सांगितली. एक थेंब नाही. शेवटी शेवंतानं पाय उचलला आणि आक्कांच्या हातातली बादली उडवून दिली. आक्कांना! आक्का बादली सरळ न करताच तिथं खाली बसल्या, नव्या लुगड्यानिशी, शेणात.

"मी नाय जात," त्या म्हणाल्या. "जनावराला समजतं. ह्यांना एकट्याला पाठवा."

भाऊजी जीपमधून उतरले. त्यांनी समजावलं, आमच्या ह्यांनी समजावलं, ड्रायव्हरनंही दोन शब्द सांगून पाहिले. आक्का मान हलवत राहिल्या. मला कॅसेटमधला आवाज आठवला आणि असा संताप आला की डोळ्यांपुढं काही दिसेना. मी बादली उचलली. अंगावर माझी घरची साधी गोल साडी होती, आक्कांचं लुगडं नेसायचं भानही राहिलं नाही. जाऊन शेवंताच्या पोटाला डोकं लावून बसले आणि तिच्याशी बोलायला लागले. राग आला की मला मालेगावची बोली येते, ती आपोआप आली.

"ऐकी ले व शेवंता," मी म्हटलं, "मनी कला तठे एकली शे."

ऐकून घे, माझी कला तिथं एकटी आहे, एवढं सांगितलं आणि मग जे तोंडाला आलं ते बोलत सुटले. ही बाई जात नाही म्हणते. का, तर तुझ्यासाठी. तुला काय झालंय, चांगली धष्टपुष्ट आहेस. माझी पोर तिथं परक्या मुलखात बाळंत होणार, तिला आई नाही. मला पहिलं बाळंतपण जड गेलं तेव्हा याच बाईनं मला उचलून अंघोळ घातली, महिनाभर माझं सगळं केलं, आणि वर माझ्या चहाला नावंही ठेवली. तसं कलाचं करायला दुसरं कोण आहे? मला काय हौस आहे का हिला पाठवायची? ही गेली की या घरात मी भांडू कुणाशी? सकाळी उठून कुणाची कटकट ऐकू? सहा महिने मला चूल खायला उठेल. तरी मी म्हणते, जा. आणि ही शेणात बसून राहिली आहे!

बोलता बोलता मी रडत होते, नाक पदराला पुसत होते, हात आपले चालूच होते. केव्हातरी लक्षात आलं, गोठ्यात दुसरा कसलाच आवाज नाही. फक्त धारेचा आहे. दोन्ही मुठींतून जाड, पांढरी धार सुटली होती, बादलीवर फेस चढत होता, आणि शेवंता डोळे मिटून रवंथ करत उभी होती.

आमचे हेसुद्धा हसले नाहीत. मी बादली भरून बाजूला ठेवली तेव्हा आक्का उठून माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मूठ जरा ढिली धर," त्या म्हणाल्या. "सडाला दुखंल तिच्या."

मग घरात गेल्या, लुगड्यावरचं शेण ओल्या फडक्यानं पुसलं, आणि इतके दिवस रिकामी असलेली पिशवी माझ्या देखत भरली. दोन लुगडी, देवाचा अंगारा, तंबाखूची डबी. मी म्हटलं, तंबाखू विमानतळावर काढून घेतील. त्या म्हणाल्या, घेऊन तर बघू दे. भिमाबाईचा कुरडयांचा डबा त्यांनी आपण होऊन मांडीवर घेतला.

जीपमध्ये बसायच्या आधी त्या पुन्हा गोठ्याकडं वळल्या. करकरीत लुगड्यानं शेवंता बिचकेल म्हणून दारातच थांबल्या. मला वाटलं, आता मला सांगतील, म्हशीला सांभाळ, पेंड वेळेवर घाल. मी हो म्हणायला तोंड उघडलंसुद्धा होतं. पण त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या.

"शेवंता," आक्का म्हणाल्या, "हिला सांभाळ गं. वरून लय तिखट हाय, पण एकटी राहायची सवय नाय तिला. रोज तिचं ऐकून घेत जा."

मग पदर खोचून जीपमध्ये चढल्या. भाऊजींना सरकून बसायला सांगितलं आणि ड्रायव्हरला हळू चालव म्हणून दम दिला. सिन्नर फाट्याच्या दिशेनं जीप दिसेनाशी होईपर्यंत मी बादली घेऊन दारातच उभी होते. आमचे हे म्हणाले, चल, मी येतो बरोबर, कॉलनीत आज उशीर झालाय. मी डोळे पुसले, किटल्या भरल्या आणि रतीब घालायला निघाले.